मॉडेल रेल्वे प्रदर्शन

मॉडेल रेल्वे प्रदर्शन म्हणजे लहान प्रमाणात बांधलेले रेल्वेचे लेआउट (फळ्यांवर उभारलेले रूळ, स्थानक आणि देखावा) एका सभागृहात आणून एक-दोन दिवस लोकांसमोर चालवून दाखवण्याचा कार्यक्रम. संग्रहालयातला लेआउट एकदा मांडला की जागचा हलत नाही. प्रदर्शनातला लेआउट मात्र सुट्या फळ्यांच्या रूपात गाडीतून येतो, काही तासांत जोडला जातो, दिवसाला सहा-सात तास सलग धावतो आणि शेवटच्या संध्याकाळी पुन्हा सुटा होऊन घरी जातो. घरी बिनतक्रार चालणारा लेआउट सभागृहात का अडखळतो, याची बहुतेक उत्तरे या प्रवासात आणि जोडणीत सापडतात. लोक येतात ते धावती गाडी बघायला. म्हणून आयोजकापासून तिकिटाच्या टेबलावर बसणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे काम अखेर गाडी हलती ठेवण्यासाठी असते.

या प्रदर्शनांची परंपरा मुख्यतः क्लबांनी आणि बिनपगारी स्वयंसेवकांनी जपली आहे. लंडनचा ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० साली स्थापन झाला. बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन-संकुलात वॉर्ली क्लबने भरवलेले प्रदर्शन १९९३पासून २०२३पर्यंत चालले. अमेरिकेत वेस्ट स्प्रिंगफील्ड येथे ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटीचे प्रदर्शन जानेवारीत अनेक इमारतींत पसरलेले असते, तर जर्मनीत डॉर्टमुंडचे ‘इंटरमोडेलबाऊ’ प्रसिद्ध आहे. मात्र बहुसंख्य प्रदर्शने शाळेच्या किंवा गावाच्या सभागृहात, दहा-वीस लेआउटांची असतात आणि नवशिक्याने मदतीला सुरुवात तिथेच करावी.

प्रमाण आणि मानके

प्रदर्शनात सर्वाधिक दिसणारी प्रमाणे म्हणजे एचओ (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या भागाएवढे), ब्रिटनमधले ओओ (१:७६) आणि एन (१:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८). एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ मिमी रुंदीच्या रुळांवर चालतात, एन ९ मिमीवर. वेगवेगळ्या लोकांनी बांधलेले भाग एकमेकांना जुळावेत म्हणून मानके लागतात. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेली एनएमआरए ही मॉडेल रेल्वेवाल्यांची संस्था आणि युरोपात १९५४ची मोरोप ही संघटना ती ठरवतात. १९८१ साली जर्मनीत सुरू झालेल्या फ्रेमो या संघटनेने पुढे जाऊन मॉड्यूलची, म्हणजे लेआउटच्या सुट्या जोडता येणाऱ्या भागांची, टोके आणि जमिनीपासून रुळाची उंची (१.३ मीटर) निश्चित केली. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांचे मॉड्यूल एका सभागृहात जोडून लांबच लांब मार्ग उभा करता येतो.

आखणी

मोठ्या प्रदर्शनाची निमंत्रणे वर्ष-दोन वर्षे आधी जातात. निमंत्रणासोबतच्या अर्जात लेआउटची लांबी-रुंदी, मागे उभे राहायला लागणारी जागा, चालकांची संख्या, टेबल-खुर्च्या, विजेचे प्लग, वाहतूक आणि मुक्कामाचा खर्च, विम्यासाठीची किंमत असे तपशील मागतात. सर्वांत जास्त घोळ लांबी-रुंदीत होतो. मालक फक्त फळ्यांचे माप लिहितो आणि मागचे फिडल यार्ड, म्हणजे प्रेक्षकांना न दिसणारी गाड्या लावून ठेवायची जागा, तसेच चालकांचा मार्ग विसरतो. चालकांसाठी किमान ७५ सेमी आणि कठड्यासाठी पुढे ५० ते ६० सेमी जागा धरावी लागते. सहा मीटर बाय ६० सेमीचा लेआउट म्हणूनच नकाशावर दोन मीटर खोलीचा होतो. अनुभवी आयोजक अर्जावरचे माप जसेच्या तसे न घेता फोन करून पुन्हा विचारतो.

प्रेक्षकांच्या वाटा अडीच ते तीन मीटर ठेवणे शहाणपणाचे. लोक दोन्ही बाजूंच्या लेआउटसमोर थांबतात, मध्ये चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी जावी लागते आणि आपत्कालीन दारे कधीही झाकली जाता कामा नयेत. लोकप्रिय ठरणारा लेआउट दाराजवळ ठेवू नये, कारण तिथेच गर्दी साचते आणि मागच्यांना आत येता येत नाही. विक्रेत्यांचे स्टॉल एकाच कोपऱ्यात न कोंबता लेआउटांच्या मधे पेरावेत. जुन्या सामानाच्या विक्रीचे टेबल मात्र एका कडेला, स्वतःच्या चाचणी रुळासह असावे. त्याच्याभोवती दिवसभर घोळका असतो.

मांडणी

मांडणी बहुधा आदल्या संध्याकाळी होते. मदतनीस आधी जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने प्रत्येक लेआउटची चौकट आखतात आणि तिच्यात क्रमांक लिहितात. हे झाल्याशिवाय पहिली गाडी आत घेऊ नये. एकदा चुकीच्या जागी उभा राहिलेला लेआउट हलवायचा म्हणजे पुन्हा सगळा सोडायचा.

लेआउट जोडताना पहिले काम पातळी. सभागृहाची जमीन वरून सपाट वाटली तरी पाच-सहा मीटरांत दोन-तीन सेंटिमीटरांचा उतार सहज असतो. सुरुवात जमिनीच्या सर्वांत उंच जागेवरच्या फळीपासून करावी, कारण पायांचे फिरते बोल्ट पूर्ण आत असताना पाय आणखी आखूड करता येत नाहीत, लांब मात्र करता येतात. पहिली फळी दोन्ही दिशांना स्पिरिट लेव्हलने बसवून झाली की पुढची तिला जोडायची. फळ्यांची अचूक जुळणी पितळी डॉवेल, म्हणजे समोरच्या फळीच्या भोकात बसणाऱ्या खुंट्या, करतात आणि बोल्ट त्यांना फक्त घट्ट धरून ठेवतात. डॉवेल न बसताच बोल्ट आवळले तर वरून सांधा बरोबर दिसतो, पण रुळांच्या टोकांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहतो आणि पहिलाच जड डबा तिथे उतरतो. फळीच्या कडेला रूळ तांब्याचा थर दिलेल्या स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) किंवा पितळी स्क्रूवर सोल्डर केलेले असावेत, कारण नुसत्या प्लास्टिकच्या स्लीपरवरचे टोक वाहतुकीत कुणाच्या तरी बाहीला अडकून वाकतेच.

थंड गाडीतून गरम सभागृहात आणलेल्या रुळांवर आणि इंजिनांवर दव धरते. अशा वेळी खोकी बंद ठेवून तासभर थांबावे. उष्णतेचा दुसरा परिणाम उशिरा कळतो. एक मीटर लांबीचा निकेल-सिल्व्हरचा रूळ तापमानात २० अंशांचा फरक पडला तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. वेगळे विद्युत विभाग करण्यासाठी कापलेली फट अगदी बारीक असेल, तर दुपारी गर्दीने सभागृह तापल्यावर ती मिटते आणि सकाळभर नीट चाललेल्या ठिकाणी अचानक शॉर्ट होतो. उपाय साधा आहे. फटीत पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटवून तो रुळाच्या आकारात घासून घ्यायचा.

विजेच्या तारा वाटेवर आडव्या टाकू नयेत. टाकाव्याच लागल्या तर त्यांच्यावर केबलचे आवरण हवे. गुंडाळीची एक्स्टेंशन वायर पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेल्या तारेतली उष्णता बाहेर पडत नाही आणि भार वाढला की आवरण वितळू शकते. प्रत्येक लेआउटला ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक सर्किट ब्रेकरचे संरक्षण असावे. लेआउटच्या समोरचे कापड जमिनीपर्यंत सोडायचे असल्यास ते सहज पेट न घेणारे असावे.

गाड्या चालवणे

लेआउटसमोर उभा असलेला माणूस फार वेळ वाट बघत नाही. मिनिटभर काही हलले नाही तर तो पुढच्या लेआउटकडे वळतो. म्हणून चालकांचा गट आपापसात क्रम ठरवतो. एक गाडी फिडल यार्डात पोचण्याआधी दुसरी निघायला तयार असते आणि स्थानकात शंटिंग, म्हणजे डब्यांची जोडतोड आणि हलवाहलव, चालू असते. क्रम कार्डावर लिहून कंट्रोलरजवळ टांगावा. चांगल्या चालकाला तो पाठ असला तरी गप्पा सुरू झाल्या की विसरतो.

वेगाबाबत बहुतेकांची चूक एकाच बाजूला होते, ती म्हणजे गाडी फार जोरात सोडणे. एचओमध्ये ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ सेमी. या वेगाने आठ मीटरांचा दर्शनी भाग पार करायला २५ सेकंद लागतात. शंटिंगचा ताशी १५ किमी वेग तर सेकंदाला जेमतेम ५ सेमी भरतो. एनमध्ये ताशी १०० किमीचे सेकंदाला १७ सेमी होतात. घड्याळ लावून एकदा हे मोजले की हात आपोआप सावकाश होतो आणि लेआउट दुप्पट लांब वाटू लागतो.

बिघाड ठरलेले असतात. पहिला म्हणजे घाण रूळ. गर्दीने उडालेली धूळ, प्लास्टिकच्या चाकांवरचा मळ आणि ठिणग्यांमुळे बनलेला काळा थर यांनी इंजिनाचा संपर्क तुटतो. लिंट न सोडणाऱ्या कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावेत. ते पेट घेणारे असल्यामुळे वीज बंद करून पुसावे आणि बाटली लेआउटवर ठेवू नये. खरखरीत रबर रोज वापरले तर रुळावर बारीक ओरखडे पडतात आणि घाण अधिक लवकर साचते. दुसरा बिघाड चाकांचा. ओओ आणि एचओमध्ये चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर साधारण १४.४ ते १४.५ मिमी असावे. ते कमी झाले की गाडी सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो तिथे, चढते आणि रुळावरून उतरते. एकच डबा एकाच सांध्यावर वारंवार उतरत असेल तर डबा तपासावा. सगळे डबे तिथेच उतरत असतील तर सांधा तपासावा. हे साधे तत्त्व पाळले तर अर्धा वेळ वाचतो.

डिजिटल नियंत्रणात, म्हणजे डीसीसीत, एका सांध्यावरचा शॉर्ट संपूर्ण लेआउट थांबवतो, कारण सगळे एकाच बूस्टरवर (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्रावर) असते. म्हणून फिडल यार्ड, मुख्य मार्ग आणि शंटिंग यार्ड यांना वेगळे संरक्षक सर्किट द्यावे. एक यार्ड बंद पडले तरी मुख्य मार्गावर गाडी फिरत राहते. नव्या डिकोडरचा, म्हणजे इंजिनातल्या आदेश वाचणाऱ्या चिपचा, पत्ता कारखान्यातून ३ असा येतो. पाहुण्याचे इंजिन न तपासता रुळावर ठेवले आणि लेआउटवर आधीच ३ क्रमांकाचे इंजिन असले, तर एका बटणावर दोन इंजिने सुटतात. प्रेक्षकांच्या खिशात शेकडो फोन असलेल्या सभागृहात बिनतारी कंट्रोलरवर विसंबू नये. तारेचा एक कंट्रोलर जवळ असावाच. गाडीची जागा ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर खिडकीतून येणाऱ्या उन्हाने किंवा हॅलोजन दिव्याने फसतात, तेव्हा त्यांना नळीचा आडोसा करावा.

दुरुस्तीच्या पेटीत सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, मगरचिमटे लावलेल्या तारा, जादा फ्यूज, चाकांचे मापक, कपलिंगचे सुटे भाग, लाकडी पाचरी आणि टॉर्च हवेत. उतरलेला डबा प्रेक्षकांसमोर तिथेच दुरुस्त करत बसू नये. तो बाजूला काढून लाल चिकटपट्टी लावावी आणि पर्यायी डबा जोडावा. दोन कंट्रोलरच्या लेआउटवर चालकांची एक जोडी पुरेशी वाटते, पण जेवण, विश्रांती आणि गप्पा धरता तिसरा माणूस लागतोच. तासाभराने चालक बदलला नाही तर चुका वाढतात.

मदतनिसांची कामे

मदतनिसाला इंजिने चालवता आली नाहीत तरी चालते. तिकिटाच्या टेबलावर सुटे पैसे भरपूर लागतात, विशेषतः पहिल्या तासात. हातावर शिक्का मारल्यास बाहेर जाऊन परत येणाऱ्यांचा हिशेब सोपा होतो. सभागृहात फिरणारे मदतनीस कठड्याला टेकलेल्यांना सौम्यपणे मागे सरकवतात, हरवलेल्या मुलांना नेमलेल्या टेबलापर्यंत नेतात, एकट्या चालकाला चहा पोचवतात आणि थोडा वेळ त्याच्या जागी उभे राहून ‘हात लावू नका’ सांगतात. आग लागल्यास कोणते दार कुणी उघडायचे हे सकाळी दार उघडण्यापूर्वी ठरलेले असावे. जुन्या सामानाच्या टेबलावर प्रत्येक वस्तूला विक्रेत्याचा क्रमांक, किंमत आणि ‘चाचणी झाली’ किंवा ‘झाली नाही’ अशी चिठ्ठी लावावी. हे न केल्यास संध्याकाळी पैशांचे वाटप करताना भांडणे होतात.

प्रेक्षकाने काय करावे

पहिली फेरी न थांबता मारावी आणि कुठे परत यायचे ते मनात नोंदवावे. दुसऱ्या फेरीत निवडक लेआउटांसमोर उभे राहून एक पूर्ण क्रम बघावा. डोळे रुळाच्या उंचीवर आणले, म्हणजे थोडे वाकले, की स्थानक एकदम खरे दिसते. पाठीवरची सॅक पुढे घ्यावी किंवा हातात धरावी. वळताना ती मागच्याच्या चेहऱ्याला आणि कठड्याच्या खांबांना लागते. मुलांना पुढे उभे राहू द्यावे, मोठ्यांना त्यांच्या डोक्यांवरून दिसतेच. चालकाला प्रश्न विचारायला संकोच करू नये, पण तो सांधा बदलत असताना किंवा डबा जोडत असताना थांबावे. दुपारी बारा ते दोन ही सर्वांत गर्दीची वेळ. निवांत बघायचे तर सकाळी दार उघडताच किंवा दुसऱ्या दिवशी उशिरा यावे.

आवराआवर

शेवटची गाडी थांबली तरी लोक सभागृहातून बाहेर पडेपर्यंत कुणीही फळी सोडू नये. आधी इंजिने आणि डबे आपापल्या फेसाच्या कप्प्यांत जातात आणि मोजले जातात. मग वीज बंद होते, तारांचे जोड सुटतात आणि शेवटी बोल्ट. वाहने एकदम दाराशी आणली तर कुणालाच निघता येत नाही. ज्यांचे सामान बांधून तयार आहे त्यांनाच क्रमांकाने आत बोलवावे. प्रत्येक फळीच्या कडेवर संरक्षक पट्टी स्क्रूने बसवावी आणि दोन फळ्या समोरासमोर ठेवून मधल्या चौकटीने जोडाव्यात, म्हणजे झाडे, खांब आणि सिग्नल चिरडत नाहीत. लाल पट्टीचे डबे वेगळ्या खोक्यात जातात आणि त्यावर काय बिघडले ते त्याच रात्री लिहून ठेवतात. पुढच्या प्रदर्शनाआधी पेटी उघडेपर्यंत ते कुणाच्याही लक्षात राहत नाही.