माउंटन बाइकची लांब पल्ल्याची शर्यत

डांबरी रस्ता सोडून जंगलवाटा, कच्चे रस्ते आणि डोंगरउतार यांवरून जाड टायरच्या सायकलीने कित्येक तास किंवा कित्येक दिवस चालणारी शर्यत. ऑलिंपिकमधली क्रॉस-कंट्री शर्यत साधारण दीड तासात आटोपते. ही पाच-सहा तासांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत लांबू शकते. वेग, दम आणि वाट वाचायची नजर दोन्हीकडे लागते. पण इतका वेळ इतक्या दगडांवरून सायकल हाकायची म्हणजे काहीतरी मोडणार, हे इथे आधीच धरून चाललेले असते. मोडलेल्या सायकलला कोणी हात लावायचा, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून या शर्यतींचे प्रकार बरेचसे ओळखता येतात.

या खेळातल्या पहिल्या गाजलेल्या शर्यतीचे नावच दुरुस्तीवरून पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही मित्र जुन्या, जड क्रूझर सायकली घेऊन डोंगर उतरले. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोटात असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या उतारात उंची जवळजवळ ४०० मीटरने घटायची. हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर तो उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे, म्हणजे ‘रीपॅक’ करावे लागे. चार्ली केली यांनी भरवलेल्या या शर्यतीला तेच नाव चिकटले. त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये डोंगरासाठी खास फ्रेम बांधली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही माउंटन बाइक दुकानांत आली. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगो येथे झाली, तर ऑलिंपिक प्रवेश १९९६ मध्ये अटलांटा येथे.

आपली सायकल आपणच दुरुस्त करायची, हा दंडक मात्र माउंटन बाइकपेक्षा जुना. १९१३ च्या ‘तूर द फ्रान्स’मध्ये तूर्माले घाट उतरताना युजीन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, तुटला. सायकल खांद्यावर घेऊन ते कित्येक किलोमीटर चालत खालच्या सेंत-मारी-द-कांपां गावी गेले आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर तीनेक तास खपून त्यांनी स्वतः फोर्क जोडला. भाता मात्र एका पोराने हलवला. ही बाहेरची मदत ठरली आणि त्याबद्दल त्यांना वेळेचा दंड झाला. रस्त्यावरच्या शर्यतींनी हा कडकपणा पुढे सोडून दिला. तिथे आता नवी सायकल घेऊन मोटार मागेच असते. माउंटन बाइकने तो बराच काळ जपला. क्रॉस-कंट्रीतही आरंभीची अनेक वर्षे बाहेरून सुटा भाग घ्यायला बंदी होती. आज ठरवून दिलेल्या टप्प्यांवर चाक बदलून मिळते. तिथवर पोचायचे मात्र आपल्याच बळावर.

मॅरेथॉन प्रकारात एका दिवसात ६० ते १६० किलोमीटर अंतर कापायचे असते. त्याची स्वतंत्र जागतिक स्पर्धा २००३ पासून होते. कोलोरॅडोतली लेडव्हिल ही १९९४ पासूनची शर्यत १६० किलोमीटरच्या आसपास आहे, पण तिची खरी अडचण उंचीची. सुरुवातच ३,१०० मीटरवर होते आणि सर्वांत वरचे ठिकाण ३,७०० मीटरच्याही वर आहे. विरळ हवेत दम पुरत नाही आणि बारा तासांच्या आत परतावे लागते. दक्षिण आफ्रिकेतली ‘केप एपिक’ २००४ मध्ये सुरू झाली. ती आठ दिवसांची आणि जोडीने धावायची. जोडीदारांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नसते, त्यामुळे एकाचे पंक्चर ते दोघांचे पंक्चर.

चोवीस तासांच्या शर्यतीत एकाच फेरीवर दिवसरात्र फिरत राहायचे असते. लेअर्ड नाइट यांनी १९९२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात भरवलेल्या ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ केनान’पासून हा प्रकार रुजला. मूळ कल्पना चौघांच्या चमूची होती. अमेरिकी सायकलपटू जॉन स्टॅमस्टॅड यांनी स्वतःचेच नाव चार तऱ्हांनी लिहून चमू नोंदवला आणि सगळ्या फेऱ्या एकट्याने मारल्या. एकट्याने धावणाऱ्यांचा वेगळा गट पुढे रूढ झाला. इथे दर फेरीला वाटेत आपला तंबू येतो, मदतनीस असतो, दुसरी सायकलही ठेवता येते. त्या अर्थाने हा प्रकार दमाला कठीण, पण सायकलच्या बाबतीत सर्वांत दयाळू.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘टूर डिव्हाइड’. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, रॉकी पर्वताच्या जलविभाजकाला धरून सुमारे ४,४०० किलोमीटर. स्टॅमस्टॅड यांनी १९९९ मध्ये या मार्गाचा अमेरिकेतला भाग घड्याळ लावून एकट्याने पार केला. बॅन्फपासूनची ही शर्यत २००८ पासून धावली जाते. प्रवेश शुल्क नाही, बक्षीस नाही, मदतीची गाडी नाही. वाटेतल्या गावात कोणालाही मिळेल ते विकत घ्यावे, आपल्यासाठी कोणी मुद्दाम आणून दिलेले घेऊ नये. दुरुस्तीसाठी मार्ग सोडला तर जिथून सोडला तिथेच परत येऊन पुढे निघायचे. ब्रिटिश सायकलपटू माइक हॉल यांनी २०१६ मध्ये हा मार्ग १३ दिवस, २२ तास, ५१ मिनिटांत संपवला.

वाटेतल्या बिघाडांत पंक्चर सर्वांत नेहमीचे. आता बहुतेक टायर ट्यूबलेस असतात. आत लेटेक्सचा पातळ द्राव असतो आणि काट्याचे छिद्र तो फिरत्या चाकातच बुजवतो. छिद्र मोठे असेल तर रबराची चिकट वात सुईने आत खुपसतात. टायरची बाजू दगडाने चिरली तर मात्र आतून अस्तर द्यावे लागते. जुन्या टायरचा तुकडा उत्तम, नाहीतर एनर्जी जेलचे रिकामे पाकीटही चालते. त्यावर ट्यूब घालून हवा भरायची. इथे नवखे हमखास फसतात. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्महिने घुसून बसलेले काटे असतात. द्रावाने छिद्रे बंद केलेली असल्यामुळे ते कधी जाणवलेले नसतात. आतून बोट फिरवून ते एकेक उपटले नाहीत, तर नवी ट्यूब पाच मिनिटांत पंक्चर होते. दुसरी गोम व्हॉल्वच्या नटाची. तो घरी पकडीने आवळलेला असेल आणि पक्कड घरीच राहिली असेल, तर व्हॉल्व निघत नाही आणि ट्यूब घालताच येत नाही.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात. आपटल्यावर त्याने वाकावे किंवा तुटावे आणि फ्रेम वाचावी, हेच त्याचे काम. पंचाईत अशी की हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत आणि दुसऱ्याचा आपल्याला बसेलच असे नाही. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने सर्वांना चालेल असा एकच नमुना आणल्यापासून परिस्थिती सुधारली आहे. जादा हँगर नसेल तर डिरेलर काढून टाकतात, चेन तोडून आखूड करतात आणि एकाच गिअरवर पुढे जातात. साध्या फ्रेमवर हे जमते. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत मात्र चाक वरखाली होताना चेनची लागणारी लांबी बदलते. मग ती कधी तटतटते, कधी सैल पडून उतरते; धक्के झेलणारा मागचा शॉक लॉक करूनच निभावून न्यावे लागते.

चिखल हा वेगळाच शत्रू. टूर डिव्हाइडच्या वाटेवरची चिकणमाती पावसात अशी चिकटते की दहा पावलांत फोर्क भरतो आणि चाक फिरायचे थांबते. अशा वेळी जोर लावून पायडल मारणे म्हणजे डिरेलर उपटून हातात घेणे. खाली उतरून काटकीने माती खरवडावी आणि सायकल सरळ खांद्यावर घ्यावी. ओल्या वाळूत ब्रेकचे रेझिनचे पॅड एका दिवसात पत्र्यापर्यंत झिजू शकतात. सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून केलेले, पॅड जास्त टिकतात, फक्त कर्कश ओरडतात. चाक काढलेले असताना ब्रेकच्या लिव्हरला चुकूनही हात लागू नये. मध्ये डिस्क नसते, त्यामुळे पिस्टन पुढे येऊन पॅड एकमेकांना भिडतात आणि टायर काढायच्या पट्टीने ते मागे रेटत बसावे लागते.

ही कामे दिव्याच्या उजेडात, बोटे बधिर असताना करायची असतात. हँडलवर तळहात तासन्‌तास दाबून करंगळीकडची नस बधिर होते आणि पुढे चेनची जोडकडीसुद्धा चिमटीत धरवत नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री झोपेअभावी साध्या कामाचा क्रमही आठवत नाही. जोडकडीचा अर्धा भाग गवतात पडला की संपलेच. म्हणून अनुभवी माणसे आधी जॅकेट पसरतात आणि मग चेन उघडतात.

अलास्कातल्या बर्फवाटांवरच्या शर्यती १९८७ पासून सुरू आहेत. तिथे नेहमीचे टायर भुसभुशीत बर्फात रुतत, तेव्हा स्पर्धकांनी दोन-दोन रिमा वेल्डिंगने शेजारीशेजारी जोडून रुंद चाके बनवली. आजची ‘फॅट बाइक’ त्याच खटपटीतून पुढे आली. कडाक्याच्या थंडीत हायड्रॉलिक ब्रेकमधले तेल घट्ट होते आणि रबरी सीलही ताठरतात, त्यामुळे तिथे आजही बरेच जण साधा तारेचा डिस्क ब्रेकच लावून निघतात.