न्यूजलेटरमधला सल्ला, ‘सल्ला’ असतो का? इंदूरच्या निमित्ताने थोडी पार्श्वभूमी

भाव इतरांच्या आधी कळावा, ही इंदूरची जुनी ओढ. इथे कापसाचा सट्टा चालला. 1919 पासून शहराचा स्वतःचा शेअर बाजार होता, तो 2015 मध्ये रीतसर बंद झाला. पुढे सोयाबीनचे वायदेही इंदूरचाच भाव धरून होऊ लागले. रामबाग, नारायण बागेतली मराठी घरं मात्र बराच काळ पोस्टाच्या योजना आणि मुदत ठेवींवर समाधानी होती. डिमॅट (शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात ठेवण्याची सोय) आणि मोबाइल आल्यावर ती बाजाराकडे वळली, आणि त्याच सुमारास विजय नगर भागात शेअरच्या टिप्स विकणाऱ्यांची कॉल सेंटरं उभी राहिली. पुढे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, म्हणजे सेबीच्या, कितीतरी आदेशांत इंदूरचा पत्ता दिसू लागला. इंदूरकर म्हणून ते वाचताना वाईट वाटतं.

गुंतवणुकीचा निव्वळ सल्ला विकणाऱ्यांसाठी सेबीचे वेगळे नियम 2013 मध्ये आले. त्यांतली एक सूट आजही घोळ घालते. वर्तमानपत्र, मासिक, इलेक्ट्रॉनिक किंवा प्रसारण माध्यमातून दिलेला, लोकांना सर्रास उपलब्ध असलेला सल्ला या नियमांपुरता ‘सल्ला’ धरायचा नाही, असं तिथे म्हटलं आहे. चौकातल्या स्टॉलवर मिळणारं साप्ताहिक सर्रास उपलब्ध, हे कुणीही मान्य करील. पण वर्षाची वर्गणी भरलेल्या तीनशे जणांनाच ईमेलने जाणारं पत्र? कुणीही वर्गणी भरू शकतो म्हणून ते सर्वांसाठी, की भरल्याशिवाय दिसत नाही म्हणून खासगी? अमेरिकेत 1940 च्या कायद्यातही प्रकाशकांना अशीच सूट आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये कौल दिला की, पत्र कुणा एकाची परिस्थिती पाहून लिहिलेलं नसेल, तर ते लिहिणारा प्रकाशकच ठरतो, सल्लागार नव्हे. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण इंदूरच्या सुदामा नगरातल्या पेन्शनरने त्याच पत्रावर विसंबून ठेव मोडली, तर प्रकाशक की सल्लागार या भेदाने त्यांचे पैसे परत येत नाहीत.

आपल्याकडे 2014 मध्ये संशोधन विश्लेषकांचे, म्हणजे शेअरचा अभ्यास करून अहवाल लिहिणाऱ्यांचे, नियम आले आणि गुंता थोडा सुटला. बाजाराच्या एकंदर कलावर लिहायला मोकळीक राहिली, मात्र अमुक शेअर घ्या, तमुक विका असा अहवाल द्यायचा तर नोंदणी हवी. शिफारशीच्या आधी 30 दिवस आणि नंतर 5 दिवस विश्लेषकाने त्या शेअरमध्ये व्यवहार करायचा नाही, स्वतःचे हितसंबंध उघड करायचे. स्वतः आधी घेऊन ठेवायचं आणि मग वाचकांना घ्यायला लावायचं, हा या धंद्यातला सर्वांत जुना रोग. त्यामुळे न्यूजलेटरच्या वाचकासाठी हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सल्लागाराची आणि विश्लेषकाची अशा दोन्ही नोंदण्या एकच समजल्या जातात, तसं नाही. सल्लागाराच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनए’ने होते, विश्लेषकाची ‘आयएनएच’ने. सल्लागाराला तुमचं वय, उत्पन्न, कर्ज, तोटा सोसण्याची ताकद विचारावी लागते आणि त्याला साजेसंच सुचवावं लागतं. विश्लेषकावर ते बंधन नाही. त्याचं ‘खरेदी करा’ पंचविशीतल्या इंजिनिअरला आणि सत्तरीतल्या आजोबांना एकाच शब्दांत पोचतं. किती घ्यायचं, मुळात घ्यायचं का, हे त्या पत्रात नसतंच. ते घरीच ठरवावं लागतं.

पुढचे बदल भराभर झाले. डिसेंबर 2019 मध्ये सल्लागारांचं फुकट ट्रायल बंद झालं आणि फी फक्त बँकेमार्फत घेण्याची अट आली. 2020 मध्ये सल्ला देणं आणि योजना विकणं वेगळं केलं गेलं. आता विश्लेषकाला एका कुटुंबाकडून वर्षाला 1,51,000 रुपयांपर्यंतच फी घेता येते. जानेवारी 2025 मध्ये नवी रेघ ओढली गेली: ‘आम्ही फक्त शिकवतो’ म्हणणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरून शेअरबद्दल बोलायचं नाही. म्हणजे 2013 मध्ये ‘सर्रास उपलब्ध’ या शब्दांवर अडलेला वाद आता ‘शिक्षण’ या शब्दावर येऊन थांबला आहे.