डावीकडची शून्यं आली कुठून?

फाइल_१, फाइल_१०, फाइल_११ आणि मग फाइल_२. अशी लागलेली यादी प्रत्येक प्रोग्रामरने कधी ना कधी पाहिलेली असते. क्रम लावताना इथे संख्या वाचली जात नाही, एकेक अक्षर वाचलं जातं. आस्की तक्त्यात, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, १ या अंकाचा क्रमांक ४९ आणि २ चा ५०, त्यामुळे पहिल्या अक्षरावरच निकाल लागतो. फाइल_००२ असं नाव दिलं की क्रम जागेवर येतो. मूल्य तेच राहतं, बदलतं फक्त लिखाण. डावीकडच्या शून्यांचा सगळा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचं पंच कार्ड आणलं, म्हणजे छिद्रं पाडून माहिती नोंदवायचा जाड कागद. कार्डावर प्रत्येक माहितीला ठरावीक स्तंभ राखून ठेवलेले असत. पाच स्तंभांच्या जागेत ४२ लिहायचे तर डावीकडचे तीन स्तंभ एक तर कोरे ठेवायचे, नाही तर तिथे शून्यं पाडायची. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत, म्हणजे तिच्या १९६६ च्या मानकात, संख्येच्या जागेतला कोरा स्तंभ शून्यच धरला जाई. ४२ चुकून एक स्तंभ डावीकडे पडले तर उजवीकडची कोरी जागाही शून्य व्हायची आणि यंत्र मुकाट्याने ४२० वाचायचं.

कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेचा पहिला आराखडा १९६० चा. तो याच कार्डांच्या जगात घडला. पिक्चर ९(५), म्हणजे पाच अंकांची जागा, असं जाहीर केलेल्या जागेतले ४२ छापले की ०००४२ असेच उमटतात. तिथे शून्यं आपोआप येत, खटपट करावी लागे ती घालवण्यासाठी. त्यासाठी ९ च्या जागी झेड लिहायचा, की डावीकडची शून्यं कोरी होतात. चेकवरच्या रकमेसाठी तारांकन वापरायचं, म्हणजे मोकळ्या जागेत कुणाला अंक घुसवता येऊ नये. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण डावीकडची जागा कशाने भरायची हा निर्णय इथे थेट पैशांच्या सुरक्षिततेशी जोडलेला आहे.

फोरट्रानची छपाई उलट होती. ती डावीकडे कोरी जागा सोडे. शून्यं हवी असतील तर १९७७ च्या मानकात आय ५.५, म्हणजे पाच जागा आणि किमान पाच अंक, अशी सोय आली.

आज बहुतेक भाषांत दिसणारी पद्धत सी भाषेतून पसरली. प्रिंटएफ या छापण्याच्या आज्ञेत टक्क्याचं चिन्ह, मग शून्य, मग रुंदी ५ आणि शेवटी डी. १९७८ च्या कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकात इथे एक खुलासा कंसात दिलेला आहे: या शून्यामुळे रुंदी ऑक्टल, म्हणजे आठच्या पायावरची, होत नाही. खुलासा लागला, कारण सी भाषेत कोडमध्ये थेट लिहिलेल्या संख्येच्या सुरुवातीचं शून्य म्हणजे ऑक्टल. ही रीत आधीच्या बी भाषेतून आली. बी जिथे जन्मली त्या पीडीपी-७ या संगणकाचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा माहितीचा तुकडा, १८ बिटांचा होता आणि तीन-तीन बिटांचे गट पाडले की त्याचे नेमके सहा ऑक्टल अंक होतात.

म्हणजे छापताना जे शून्य निव्वळ भरणी, तेच कोडमध्ये लिहिलं की संख्येचा पाया बदलतं. याचा त्रास अजून चालू आहे. बॅश शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या प्रोग्राममध्ये, तारखेतला महिना दोन अंकी घेऊन त्यावर गणित केलं, तर ०१ ते ०७ पर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि ऑगस्ट उजाडला की ०८ वर चूक येते, कारण ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नाही. पायथनने हा घोळ २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत मिटवला: ०१० असं लिहिणंच तिथे चूक ठरतं.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र अशी भरणी करणारी सोय भाषेतच नव्हती, म्हणून लोक लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, वापरत. मार्च २०१६ मध्ये ते एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून काढलं गेलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची उभारणी अडली. भाषेतच भरणी करणारी पॅडस्टार्ट ही पद्धत जावास्क्रिप्टच्या २०१७ च्या मानकात आली.

पण पॅडस्टार्ट अक्षरं भरते, संख्या नाही. उणे ४२ ला पाच जागा दिल्या तर सी भाषेतलं प्रिंटएफ चिन्ह ओळखून -००४२ देतं, पायथनमधली शून्यं भरणारी झेडफिल ही सोयही तसंच. पॅडस्टार्ट देते ००-४२. म्हणून ऋण संख्या येण्याची शक्यता असेल तिथे आधी चिन्ह बाजूला काढा, अंक भरा, मग चिन्ह परत जोडा.