नटराज घारापुरीचा आणि नटराज चोळांचा

नाचणारा शंकर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो भरतनाट्यमच्या क्लासमधला नटराज: भोवती ज्वाळांची प्रभावळ, डावा पाय आडवा उचललेला, उजव्या पायाखाली अपस्मार नावाचा बुटका राक्षस. हा नमुना चोळ राजांच्या काळातला. तमिळनाडूत दहाव्या-अकराव्या शतकात रूढ झालेला. घारापुरीच्या मुख्य लेण्यात उत्तरेच्या दाराने शिरल्यावर उजव्या हाताला नाचणारा शंकर त्याच्याही सुमारे चारशे वर्षं आधीचा. दोघांना आपण सरसकट नटराज म्हणतो आणि मग घारापुरीला जाऊन प्रभावळ शोधत बसतो. ती तिथे नाहीच.

पण माझ्या मते खरा फरक हातातल्या आयुधांत किंवा प्रभावळीत नाही, उजेडात आहे.

घारापुरीचा शंकर भिंतीतच कोरलाय, पाठ डोंगराला चिकटलेली. उजेड येतो तो बाहेरून, दाराकडून. काळसर बेसॉल्टवर बारीक नक्षी अशा उजेडात उठून दिसायची नाही, म्हणून कारागीर दगडात खोल उतरलेत. आठ हातांपैकी बरेच तुटलेत, पायांचं तर विचारूच नका. तरी नाच दिसतो! कारण तो धडात आहे. कंबर एका बाजूला, छाती दुसऱ्या बाजूला, एक हात अंगावरून आडवा गेलेला आणि त्याच्याखाली दाट सावली. थोडं पुढेमागे सरकलं की ती सावलीही सरकते, आणि पोटाचा पीळ जास्तच जाणवतो. भोवतीचे पार्वती, गणपती, हंसावरचा ब्रह्मदेव वगैरे मंडळी निवांत पाहायची, घाई करायची नाही.

चोळांची गोष्ट उलटी. ही उत्सवमूर्ती, बैठकीच्या भोकांत दांडे घालून मिरवायची, म्हणजे चारी बाजूंनी पाहिली जाणार. घडण मेणाची: मेणाची मूर्ती करायची, वर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे दुसरी अगदी तशीच निघत नाही. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला आजही हे काम चालतं. दगडात इतका लांब उचललेला पाय केव्हाच मोडला असता. धातू तो पेलतो. म्हणून इथे नाच बाह्यरेषेत आहे. उडालेल्या जटा, पसरलेले चार हात आणि मधल्या मोकळ्या जागा, एवढ्यावर मागून दिवा असला तरी मूर्ती ओळखता येते. देवळात मात्र ती वस्त्रं आणि हारांखाली बरीचशी झाकलेली असते, तेव्हा हे सगळं बघायला दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय बरं.

घारापुरीला सोमवारी लेणी बंद असतात. आणि मोबाइलचा फ्लॅश मारू नका. समोरून उजेड पडला की सावल्या जातात आणि फोटोत उरतो तो नुसता तुटका दगड.