कालवडीला नुसता कडबा पुरत नाही
"दुभत्या गाईला सकस चारा, कालवडीला कडबा बास," असं गोठ्यागोठ्यांत पूर्वापार ऐकू येतं. हे चुकीचं आहे. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के. चाऱ्यात ती सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली, की कोठीपोटातले, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव उपाशी राहतात आणि खाल्लेला कडबासुद्धा नीट पचत नाही. पोट सुटतं, अंग भरत नाही, कालवड माजावर उशिरा येते. म्हणून कडब्याच्या कुट्टीत सुकवलेला लसूणघास किंवा भुईमुगाचा पाला मिसळा. हा पाला बांधावर कुजताना दिसला की जीव हळहळतो! शेंगा तोडल्यावर तो हलक्या हाताने वाळवा. प्रथिनं पानांत असतात, ती गळू देऊ नका. बुरशी धरलेला पाला मात्र अजिबात घालू नका.