गोल्डफिशच्या हौदातील पाण्याची निगा (कोकण)

गोल्डफिश (कॅरॅसियस ऑरॅटस) हा कार्प कुळातील मासा. त्याला जठर नसते, त्यामुळे खाणे आणि घाण करणे दिवसभर चालू असते. कल्ल्यांवाटे तो सतत अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजावर किंवा खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व त्याचे पुढे नायट्रेट करतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजके व खाणे बेताचे हवे. मुरलेल्या टाकीत अमोनिया व नायट्राइट शून्य असावे. नायट्रेट आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलल्याने आटोक्यात राहते.

कोकणात खरी अडचण क्षारतेची, म्हणजे आम्ल शोषून घेण्याच्या पाण्याच्या ताकदीची आहे. जांभ्यातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ व किंचित आम्लधर्मी असते. जिवाणू 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 ग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) खर्ची घालतात. ती संपली की सामू (pH) घसरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साचतो. पाणी मात्र काचेसारखे नितळ दिसते. अशा वेळी सामू चढवायला भसाभस खाण्याचा सोडा टाकणे सर्वांत घातक. 30 अंश सेल्सिअसला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू 8 ला तो शेकडा सातच्या आसपास जातो. म्हणून आधी अमोनिया तपासावा आणि सामू दिवसाला 0.2–0.3 एवढाच चढवावा.

कायमचा उपाय स्वयंपाकघरातच सापडतो. तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपा उकळून, घासून, कडक उन्हात वाळवाव्यात आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या धारेत टांगाव्यात. पाणी आम्ल होईल तशाच त्या विरघळतात, त्यामुळे मात्रा चुकत नाही. खाण्याचा सोडा 1000 लिटरला 50 ग्रॅम घातल्यास क्षारता लिटरमागे सुमारे 30 मिलिग्रॅमने वाढते.

हौद पागोळ्यांखाली नसावा. पावसाचे पाणी उरलीसुरली क्षारताही धुऊन नेते. काठाखाली चार बोटांवर जाळी लावलेला सांडव्याचा पाइप हवा, नाहीतर मासे अंगणात! पावसाळ्यात विहीर गढूळली म्हणून तुरटी फिरवलेले पाणी हौदात सोडू नये, तुरटीही क्षारता खाते.

नव्या सिमेंटच्या हौदाचे दुखणे उलटे: चुना सुटून सामू 9 च्या वर जातो. दोन-तीन आठवडे पाणी भरून, दर तीन-चार दिवसांनी उपसून, सामू स्थिरावल्यावरच मासे सोडावेत.

एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. हिरव्या पाण्याच्या हौदात पहाटे तो अगदीच कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड वासतात. सावलीची जाळी व रात्रभर हवेचा पंप हवाच. वीज सात-आठ तास गेली असल्यास बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नये. आतले कुजके पाणी ओतून टाकावे आणि स्पंज हौदातून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात.