'सर्वांत स्वस्त तेच घ्यावं लागतं': खरंच का?

कोल्हापुरात सरकारी कचेरीत संगणक खरेदीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "एल-वनच घ्यावा लागतो, पर्यावरणाच्या अटी घालता येत नाहीत." वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

निविदेत किमतीचा लिफाफा उघडतो तो तांत्रिक अटींत बसणाऱ्यांचाच. एल-वन म्हणजे त्यांच्यातला सर्वांत कमी दर. मग वीजवापराची मर्यादा, जास्त वर्षांची वॉरंटी, सुट्या भागांची हमी हे त्या अटींतच लिहायचं. फक्त ते एकाच कंपनीच्या सोयीचं नसावं. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत तर ठरावीक विद्युत उपकरणांना बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार रेटिंग सक्तीचंच आहे.

आणि स्वस्त म्हणायचं कशाला? १५० वॉटऐवजी ५० वॉटचा संगणक रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस चालवला, तर ५ वर्षांत १,००० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तरी १० हजार झाले!

जुने संच मात्र भंगारात घालू नका. त्यातलं शिसं आणि कॅडमियम शेवटी आपल्याच पंचगंगेकाठच्या मातीत उतरतं. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी ते नोंदणीकृत संस्थेकडेच सोपवायचे असतात.